हवेतला फटका

"असू दे. चेंडू कुठे पळून जात नाही. पुन्हा मार."

हे वाक्य मागून आलं तेव्हा मला खरंच वाटलं, शेजारच्या मॅटवरच्या मुलाचे आजोबा बोलले. माझ्या मुलीची, श्रियाची, गोल्फची काठी पुन्हा एकदा हवेतून गेली होती, चेंडू रबराच्या खुंटीवर होता तिथेच बसला होता, आणि मी काहीतरी बोलायच्या बेतात होतो. वळून पाहिलं तर शेजारचे आजोबा फोनमध्ये डोकं घालून बसलेले. प्लास्टिकच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून पुढे झुकून बसले होते ते माझे वडील, अण्णा. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं त्याला सगळं जग हसू म्हणतं. श्रियाने मान हलवली, काठी पुन्हा नीट धरली आणि मारली. या वेळी चेंडू खुंटीवरून घरंगळला आणि मॅटच्या कडेशी जाऊन थांबला. "बघ, हलला की नाही," अण्णा म्हणाले. श्रिया खिदळली. माझे कान गरम झाले होते. राग म्हणावा तर राग नव्हता. पंगतीत बसल्यावर वाढपी आपल्यासमोर थांबतो, वाकतो, आणि आपल्याला वगळून पुढच्या पानात वाढून जातो, तेव्हा जसं वाटतं तसं वाटलं. माझं वय चव्वेचाळीस आहे. ठाण्यात एका विमा कंपनीत माझ्या हाताखाली माणसं आहेत. त्या संध्याकाळी मला माझ्या मुलीचा हेवा वाटला, आणि तो लपवायला मी वाकून बादलीतले चेंडू उगाचच नीट रचू लागलो.

गोल्फ हा आमच्या घराण्यात कुणी टीव्हीवरसुद्धा न पाहिलेला खेळ. पण कल्याण-शीळ रस्त्यावर हल्ली काय काय उगवतं याला धरबंध राहिलेला नाही. आमच्या टॉवरच्या गेटपाशी एका रविवारी टेबल टाकून दोन मुली बसल्या होत्या, मुलांसाठी गोल्फचा एक दिवस फुकट, आणि माझ्या बायकोने, सुमेधाने, जाता जाता श्रियाचं नाव दिलं; त्या एका दिवसाची पुढे बॅच झाली. शीळफाट्याच्या अलीकडे, गोदामांच्या मागे, उंच खांबांवर जाळी लावलेलं ते मैदान. एका बाजूला मेट्रोचे खांब, दुसऱ्या बाजूला कंटेनरची रांग, मधे हा हिरवा तुकडा. पूर्वी तिथे भात व्हायचा. ज्यांचा भात व्हायचा त्या घरातला दिपेश आता तिथे कोच आहे, मालकही तोच. दुबईला एका गोल्फ क्लबवर काही वर्षं काढून आलेला, गळ्यात सोन्याची जाड साखळी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि आवाज असा की लहान मूल लगेच जवळ जावं. शिकाऊ मुलांच्या बॅचमध्ये त्याचा एकच कायदा होता, तो त्याने पहिल्याच दिवशी आम्हा आईबापांना एका ओळीत उभं करून सांगितला. "पोरांना चुकला असा बोलायचा नाय. मॅटवर नाय, गाडीत नाय, घरी जाऊन पण नाय. छान बोला, परत मार बोला, नायतर गप बसा. आमचा बाप, भिवा पाटील, याच जागेवर मना रोप लावायला शिकवायचा. वाकडा लागला का चिखलाचा गोळा पाठीवर. तवाच ठरवलेला मी." सगळे हसले. मीही हसलो. मला तो कायदा मनापासून आवडला होता. इतका, की घरी येऊन मी सुमेधाला तो दोनदा सांगितला.

आवडला, कारण मी तो आधीपासूनच पाळत होतो. श्रिया जन्मली तेव्हाच मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं की हिच्या बाबतीत मी अण्णा होणार नाही. अण्णांनी मला कधी मारलं नाही, हे लगेच सांगून टाकतो, कारण लोकांना आधी तेच विचारायचं असतं. मारलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. ते एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. यंत्रांचे नकाशे काढायचे. रेघ म्हणजे रेघ. घरात, डोंबिवली पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत, मी भूगोलाच्या वहीत महाराष्ट्राचा नकाशा काढत असलो की ते मागे येऊन उभे राहायचे. त्यांच्या श्वासाचा वास यायचा, चहा आणि तपकीर. कोकणची किनारपट्टी काढताना माझा हात जड व्हायचा, कारण किनारपट्टीत चुकायला फार जागा असते. मग ते "दे इकडे" म्हणायचे. तेवढंच. पेन्सिल माझ्या बोटांतून निघायची आणि तो नकाशा काही मिनिटांत इतका सुंदर व्हायचा की शाळेत बाई तो वर्गभर फिरवायच्या. मला शाबासकी मिळायची आणि मला ओकारी यायची. पतंगाची कणी बांधताना दे इकडे. पुस्तकाला कव्हर घालताना दे इकडे. नाडीची गाठ, टाय, नळाचा वॉशर, पुढे लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर. माझ्या हातातून वस्तू काढून घेणं हेच त्यांचं माझ्याशी बोलणं होतं. आणि या हातांनी मग पुढे काहीच धड केलं नाही. आजही मला भिंतीत खिळा मारता येत नाही. मी माणूस बोलावतो.

एक सायकलही होती. कुणाकडून तरी जुनी घेतलेली, हिरवी. एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर रविवारी सकाळी ते मला घेऊन गेले. मागून सीट धरून धावले, आणि तेवढा वेळ मला फार बरं वाटलं होतं हेही खरं. मग त्यांनी सीट सोडली, मी थोडा गेलो आणि गटाराच्या कठड्यावर आपटलो. गुडघा फुटला. अण्णा धावत आले आणि त्यांनी सायकल उचलली. चाक फिरवून पाहिलं, मडगार्ड वाकलं होतं ते पायाने सरळ केलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. सायकलवर बसले आणि घराकडे निघाले. हळू चालवत होते, मी मागे पडू नये म्हणून असेल. मी लंगडत त्यांच्या मागे चाललो होतो आणि आमच्या इमारतीतल्या बायका गॅलरीतून बघत होत्या की बाप सायकलवर आणि मुलगा चालत. त्या दिवसानंतर ती सायकल मी मागितली नाही, त्यांनी काढली नाही. जिन्याखाली गंजली ती. हे सगळं सांगितलं की सुमेधा म्हणते, "अरे, तेव्हाचे सगळेच वडील तसे होते." मला या 'सगळेच'चा फार राग येतो. सगळ्यांचे गुडघे वेगवेगळे फुटले होते.

तर आता ती इमारत पुनर्विकासाला गेली, आणि दिवाळीपासून अण्णा आमच्याकडे आहेत. चौऱ्याहत्तर वय, गुडघे गेलेले, तपकीर सुटलेली. दुपारभर घरात एकटे बसून राहतात म्हणून सुमेधानेच सुचवलं की त्यांनाही त्या मैदानावर न्यावं, तेवढीच हवा. हवा कसली, सिमेंटची धूळ. पण ते यायला लागले आणि त्या खुर्चीत बसून असू दे, असू दे म्हणायला लागले. श्रियाला ते इतकं लागू पडलं की विचारू नये. ती चुकली की आधी खुर्चीकडे बघायची, तिकडून पावती मिळाली की पुन्हा काठी उचलायची. दिपेशलाही अण्णा आवडले. "असा आजोबा प्रत्येक पोरामागे एक भेटला ना सर, तर मना कामच राहणार नाय." अण्णा लाजले. मी अण्णांना लाजताना त्या दिवशी प्रथम पाहिलं. एका माणसाच्या आत इतकं गोड काहीतरी इतकी वर्षं पडून होतं, आणि ते मला सापडू नये अशा जागी ठेवलेलं होतं, हा विचार मला रस्त्यात, ऑफिसात, दात घासताना कुठेही गाठायचा. मी ठाण्याला मीटिंगमध्ये बसलेला असायचो, समोर कुणीतरी आकडे वाचत असायचं, आणि मला ऐकू यायचं, बघ, हलला की नाही.

सुमेधाशी बोलून पाहिलं. ती कणीक मळत होती.

"म्हातारपणी माणूस मऊ होतो," ती म्हणाली. "चांगलंच आहे की. तुला आनंद नाही होत?"

"होतो."

"मग तोंड का असं?"

"मला फक्त एवढंच कळत नाही की हे यांना येत होतं, तर तेव्हा कुठे होतं."

"साकेत, ती नऊ वर्षांची आहे आणि खूश आहे. त्यात तू तुझं घुसवू नकोस."

म्हणजे मी घुसवणारा. घरात तिघं खूश होते आणि एकच माणूस कडवट होता, आणि तो मी होतो. तरी माझ्याकडे एक गोष्ट होती. महिनाअखेरच्या रविवारी शिकाऊ मुलांची एक छोटी मॅच होती, मागच्या बाजूला झेंडे रोवलेले पाच छोटे होल, आणि प्रत्येक मुलाबरोबर घरचं एकच माणूस. त्या माणसाने मुलाची बॅग उचलायची, मागेल ती काठी द्यायची आणि बरोबर चालायचं. शिकवायचं नाही, फक्त हुरूप द्यायचा. कोण ते मुलानेच सांगायचं. दिपेशने विचारलं तेव्हा श्रिया क्षणभरही थांबली नाही, "बाबा" म्हणाली. मी दुसरीकडे बघत होतो असं दाखवलं. पण मला काय झालं ते मलाच माहीत. मला वाटलं, चला, मी पास झालो. अण्णा खुर्चीतून टाळ्या वाजवतात आणि मी तिची बॅग उचलतो, तर मी बाप म्हणून बरा निघालो असा कुणीतरी शिक्काच मारून दिला. मला तेवढंच हवं होतं. तिचा नंबर यावा असंही मला वाटत नव्हतं. तिने पुढच्या वेळीसुद्धा, न थांबता, बाबा म्हणावं एवढंच हवं होतं.

मॅचच्या आदल्या संध्याकाळी मी अण्णांना विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. ते बाल्कनीत चहा घेऊन बसले होते, खाली कुणाची तरी गाडी मागे घेताना केकाटत होती, समोरच्या अर्धवट टॉवरवर एक मजूर पाणी मारत होता.

"अण्णा, तुम्ही श्रियाशी किती छान बोलता."

"पोर गुणी आहे."

"मी नव्हतो का?"

त्यांनी बशी खाली ठेवली. मला वाटलं, टाळतील. त्यांचं वय, त्यांचे गुडघे, माझी कैलासवासी आई, काहीतरी मधे आणतील. पण अण्णा रेघ सरळ काढणारा माणूस.

"तू होतास की," ते म्हणाले. "पण तू माझा होतास. तुझं काही वाकडं गेलं की माझंच वाकडं गेलं असं व्हायचं. धीर धरवायचा नाही. हिचं काय, हिचा चेंडू लागला काय, नाही लागला काय. ती तुझी आहे. मला नुसतं बघायचं असतं."

एवढं बोलून त्यांनी चहा संपवला. माफी नव्हती त्यात, आणि अभिमानही नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं. मी आत येऊन पलंगावर बसलो. म्हणजे ज्या धीराचं सगळे कौतुक करत होते, तो हात झटकून मोकळ्या झालेल्या माणसाचा धीर होता. दिपेशचाही तोच. पोरं त्याची नव्हती, संध्याकाळी आपापल्या घरी जाणार होती. पदरचं काही जात नसेल तर कुणीही असू दे म्हणेल. खरी परीक्षा माझी होती, कारण ती माझी होती, तिचं वाकडं गेलं की माझं जाणार होतं, आणि तरीही मी गोड बोलणार होतो. अण्णांना जे जमलं नाही ते मी करून दाखवणार होतो, तेही त्यांच्या डोळ्यांसमोर. मला त्या रात्री छान झोप लागली.

रविवारी सकाळी ऊन लवकर चढलं. मी बॅग खांद्यावर घेतली. लहान मुलांची बॅग, तिचा पट्टा मला काखेत काचत होता, आणि तो काच मला आवडत होता. अण्णा इतर घरच्या माणसांबरोबर दोरीच्या पलीकडे खुर्चीत होते. तिथून बोलायला परवानगी नव्हती, त्यामुळे ते नुसते हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. सुमेधा फोटो काढत होती. पहिल्या होलला श्रियाने चांगलं मारलं. मी "वा" म्हणालो. दुसऱ्याला चेंडू वाळूत गेला, बाहेर निघता निघेना, मी "काही हरकत नाही" म्हणालो, आणि माझा आवाज मला छान वाटला. तिची पकड सैल होती, डावा अंगठा चुकत होता, मला स्पष्ट दिसत होतं. तरी मी तिच्या काठीला हात लावला नाही. एकदाही दे इकडे म्हणालो नाही. हे माझ्या बाजूने लिहून ठेवावं असं मला वाटतं, कारण पुढचं सगळे माझ्याविरुद्धच सांगतात.

तिसऱ्या होलला ती फिरवायला गेली आणि काठी चेंडूच्या वरून गेली. पूर्ण हवेत. तिने जीभ बाहेर काढली, हसली, आणि पुन्हा मारलं. मग चेंडू गेला, मस्त गेला, पुढे दोन-चार लहान फटके, आणि झेंड्याच्या खड्ड्यात. तिने उडी मारली. होलपाशी दिपेशचा मदतनीस उभा होता, प्रत्येक मुलाला विचारत होता, किती.

"पाच," श्रिया म्हणाली.

"सहा," मी म्हणालो.

मी हे का म्हणालो याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. मी मॅचच्या आधी रीतसर नियम वाचून आलो होतो. मारायच्या इराद्याने काठी फिरवली की चेंडूला लागो न लागो, तो फटका धरतात. या खेळात पंच नसतो, खेळणाऱ्याने स्वतःच खरं सांगायचं, हेच तर या खेळाचं मोठेपण म्हणून मला कुणीतरी ऑफिसात सांगितलं होतं. मी आवाज चढवला नव्हता. उलट हसूनच म्हणालो, "बेटा, हवेतला राहिला ना. तोही धरायचा." आसपासची मुलं थांबली. दोन आयांनी माझ्याकडे पाहिलं. दिपेश लांबून चालत आला.

"सर, या बॅचला आपन हवेतला धरत नाय."

"पण नियम आहे ना तो?"

"हाय नियम. मोठ्यांना. ही पोरां आज पयल्यांदा मॅचला आलेली हायेत."

"मग खोटंच सांगायला शिकवायचं का पहिल्यांदा?"

टोपी काढून दिपेशने केस मागे सारले. मी त्याच्याशी भांडत होतो असं कुणी म्हणेल, पण मी फक्त विचारत होतो. तेवढ्यात श्रियाच म्हणाली, "सहा. सहाच झाले. मी विसरलेले." ती विसरली नव्हती. तिला कुणी विसरू दिलं होतं, तीन महिने, प्रेमाने, आणि ते मी एका आकड्याने काढून घेतलं होतं. हे मला आत्ता लिहिताना कळतं. तेव्हा मला फक्त एवढं कळलं की तिने खरं कबूल केलं, आणि मला तिचा अभिमान वाटला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ घट्ट झाली.

चौथ्या होलला ते सुरू झालं. तिने चेंडू ठेवला, पाय जुळवले, काठी मागे नेण्याआधी मान किंचित वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे. मग मारलं, जमिनीला लागलं, माती उडाली. पुन्हा पाय जुळवले, पुन्हा तो कोपरा. मी "छान" म्हणालो. तिने मान हलवली आणि पुन्हा बघितलं. मी हसलो. ती त्या हसण्याकडे असं बघत होती की त्याच्या मागे काय आहे ते तिला आधी तपासून घ्यायचंय. ते बघणं मला बाहेरून कधी दिसलं नव्हतं. मला ते फक्त आतून माहीत होतं. कोकणची किनारपट्टी काढताना मान न वळवता मागच्या माणसाचा चेहरा कसा बघायचा, भुवई कुठे आहे, श्वास लांब झाला का, ते मी करायचो, आणि ते करताना मानेच्या डाव्या बाजूला एक शीर ताठ व्हायची. त्या उन्हात, शीळफाट्याजवळच्या त्या मैदानात, माझ्या मुलीच्या मानेवर मला ती शीर दिसली. मी बॅग खाली ठेवली. तिच्यापासून चार पावलं मागे सरलो. ती चार पावलं मागेही बघायला लागली. मी पाठ फिरवून उभा राहिलो, तर काठीचा आवाज यायचा थांबला. "बाबा," ती म्हणाली, "चालेल ना असं धरलं तर?" इतके दिवस तिने कधी, कुणाला, काही विचारलं नव्हतं. धरायची आणि मारायची.

मी चालेल म्हणालो, खूप छान म्हणालो, असू देसुद्धा म्हणून पाहिलं. माझ्या तोंडून ते दुसऱ्याचं वाटलं, आणि तिलाही तसंच वाटलं असणार. पाचव्या होलला तिने मारायच्या आधीच फटके मोजायला सुरुवात केली, पुटपुटत, एक, दोन, आणि हवेतला गेला की माझ्याकडे बघून पटकन, "हा पण धरला." शेवटी तिचा नंबर खालून दुसरा आला. दिपेशने सगळ्या पोरांना एकेक टोपी दिली, सगळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या, श्रियाला उचलून घेतलं. ती हसली. तिने तिथे सगळं व्यवस्थित केलं, थँक्यू म्हणाली, फोटोत उभी राहिली. अण्णा खुर्चीतून उठून आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते मला काहीतरी ऐकवणार, आणि मी तयारच होतो, माझ्याकडे चाळीस वर्षांचं उत्तर होतं. पण त्यांच्या नजरेत ऐकवण्यासारखं काही नव्हतं. ओळख होती फक्त. एका कारखान्यातून निवृत्त झालेली दोन माणसं रस्त्यात भेटावीत तशी. मला ते सहन झालं नाही. मी बॅग घेऊन गाडीकडे चालू लागलो.

परत येताना सुमेधा पुढे माझ्या शेजारी, अण्णा आणि श्रिया मागे. काटई नाक्याच्या अलीकडे नेहमीसारखं सगळं तुंबलं होतं. एसी लावला तरी धूळ आत येत होती. सुमेधा फोटो बघत होती आणि एकही दाखवत नव्हती. मी मनात शब्द जुळवत होतो. श्रिया, तू खरं सांगितलंस ते मला आवडलं, असं सुरू करावं. की बाबाचं चुकलं, असं सुरू करावं. दिपेशच्या कायद्यात मोठ्यांना चुकलं म्हणायची बंदी होती का, आठवेना. तेवढ्यात मागून ती बोलली. आवाजात राग नव्हता. रुसवा असता तर मी तो काढला असता, मला येतो तो काढता.

"बाबा, तू आठवडाभर ठाण्याला जाऊन येतोस ना. दमतोस. पुढच्या रविवारपासून तू झोपून राहिलास तरी चालेल. मी आणि आजोबा जाऊ रिक्षाने."

किती समजूतदार पोर, असं कुणीही म्हणालं असतं. सुमेधाने फोनवरून मान वर केली, तिला भरून आलं असावं. पण मला ते वाक्य पाठ होतं. ते मी वर्षानुवर्षं म्हटलं होतं. अण्णा, तुम्ही दमून आला असाल, तुम्ही पडा, मी करतो एकटा. अण्णा, तुमचा रविवार कशाला घालवता, मी जातो मित्राबरोबर. घरात ज्याची भीती वाटते त्याच्याशी मुलं अशीच बोलतात, त्याची काळजी घेत, त्याला बरं वाटेल अशा बेताने, आणि हळूच दार लावून घेतात. अण्णांना तेव्हा ते कळायचं की नाही, हे मला कधीच कळलं नव्हतं. मी आरशात पाहिलं. श्रिया खिडकीबाहेर बघत होती. अण्णा समोर बघत होते, आरशातून सरळ माझ्या डोळ्यांत, आणि त्यांचे डोळे भरले होते. त्यांना सगळं कळलेलं होतं. तेव्हाही.

मागच्या कंटेनरने हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली.

"बरं," मी म्हणालो. "चालेल."